टाइमशेअर घेऊन सोळा महिने: खोली छान, तारीख मिळत नाही

मुलुंडच्या एका मॉलमध्ये बायकोने लकी ड्रॉची चिठ्ठी भरली. आठवड्यात फोन: दोन रात्रींचं व्हाउचर लागलंय, घ्यायला नवरा-बायको दोघांनी यायचं. दोघांनीच का, ते तिथे गेल्यावर उमगलं. 'घरी विचारून सांगतो' म्हणायची सोयच उरत नाही! अंधेरीच्या हॉटेलात तीन तास बडबड, शेवटी 'फक्त आजचा' भाव, आणि साडेचार लाखांची २५ वर्षांची मेंबरशिप गळ्यात. टाइमशेअर म्हणजे हेच: पैसे आधी भरायचे आणि कंपनीच्या रिसॉर्टमध्ये वर्षाला सात रात्री राहायचं.

खोल्यांना नावं ठेवणार नाही. ओटा, गॅस, भांडी सगळं असतं, सकाळचा चहा आपल्या हातचा.

घोडं अडतं तारखांपाशी. वर्षाचे आठवडे सीझनमध्ये वाटलेले. आम्ही परवडला तो सीझन घेतला, त्यात ना मे, ना दिवाळी, ना नाताळ. मुलं सातवीत आणि चौथीत. जानेवारीत शाळा बुडवून गेलो आणि बाईंची बोलणी खाल्ली. त्यात रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, खोली मात्र त्याच्या कितीतरी आधी धरावी लागते. एकदा खोली पक्की आणि कोकणकन्या वेटिंगवर. आयत्या वेळी रद्द केली, तीन रात्री गेल्या.

देखभाल खर्च वेगळा: १९,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२,४२०. जा, नाहीतर घरी बसा. मुद्दल २५ वर्षांत वाटून त्यात ही देखभाल मिळवली, तर रात्रीला पावणेसहा हजार पडतात, हप्त्याचं व्याज सोडून. आमच्या सीझनमध्ये तेवढ्यात चांगलं हॉटेल सहज मिळतं. शिवाय देखभाल वाढवायचा हक्क कंपनीकडे.

दहा दिवसांत रद्द करायचं कलम करारात होतं, पण करार घरी आला तेराव्या दिवशी. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. विकायला काढली तर एकाने चाळीस हजार सांगितले.

घ्यायचीच असेल, तर सही करण्याआधी त्यांच्याच ॲपवर पुढच्या मे महिन्याची खोली शोधून दाखवायला सांगा.

सध्या आमच्या रात्री आई-बाबा वापरतात, त्यांना कुठे शाळा आहे! जुलैत महाबळेश्वरला गेले होते. चार दिवस धुकं, एकही पॉइंट दिसला नाही. भजी उत्तम होती म्हणे.