दह्याच्या बादलीतलं प्री-फिल्टर (पंपाआधीचं गाळण): मागच्या हौदातल्या पंपासाठी घरीच केलेलं, वापरून बघितलेलं

आमच्या घरामागे विटांचा हौद आहे. आठ बाय पाच फूट, दोन फूट खोल, म्हणजे साधारण सव्वादोन हजार लिटर पाणी. त्यात कुमुदिनीच्या दोन कुंड्या, डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आणि ताशी हजार लिटरचा छोटा सबमर्सिबल पंप, कारंज्यासाठी. डोक्यावर गुलमोहोर. ज्यांच्याकडे गुलमोहोर आहे त्यांना पुढचं सांगायलाच नको. त्याची पानं इतकी बारीक की पंपाच्या जाळीतून आडवी-उभी कशीही आत शिरतात, रोटरच्या, म्हणजे पंपातल्या फिरत्या चक्राच्या, पात्यांना गुंडाळली जातात आणि कारंजं बसतं. पानांच्या मागोमाग शेवाळाचे धागे असतातच.

पंपासोबत मुठीएवढा स्पंज आला होता. तसाच सुटा स्पंज बाजारात मिळतो तोही वापरून झाला. स्पंज वाईट नाही, पण हौदासाठी तो फारच लहान आहे. पाच सेंटीमीटर व्यासाचा, दहा सेंटीमीटर लांबीचा गोल स्पंज धरला तर बाहेरून जेमतेम पावणेदोनशे चौरस सेंटीमीटर जागा मिळते. पंप सेकंदाला पाव लिटरहून जास्त पाणी ओढतो, ते सगळं एवढ्याशा जागेतून जाणार. उन्हाळ्यात दोन दिवसांत तो शेवाळाने लिंपून जायचा. त्याहून वाईट म्हणजे ओढ इतकी जोरात असायची की गप्पींची नुकती जन्मलेली पिल्लं, सहा-सात मिलिमीटरची, त्याला चिकटून मरायची. ते बघवत नसे.

अशा वेळी सगळेजण आणखी बारीक जाळी शोधायला लागतात. पंपाला मच्छरदाणी गुंडाळा, जुनी ओढणी बांधा असे सल्ले मिळतात. कापड पातळ असतं, घाण फक्त वरच्या पदरावर बसते आणि काही तासांत त्याचा पापड होतो. मग पंपाला पाणी मिळत नाही. हे पंप आजूबाजूच्या पाण्यानेच थंड राहतात, त्यामुळे गाळण तुंबलं की आधी कारंजं बसतं आणि दुर्लक्ष केलं तर पंप तापून जळतो. गाळण बारीक असून भागत नाही, मोठं लागतं. भोकं जरा ढोबळ चालतील, पण क्षेत्रफळ भरपूर हवं आणि जाडी हवी, म्हणजे घाण आतपर्यंत पसरून बसते.

म्हणून बादली. केटररकडे दह्याच्या दहा लिटरच्या झाकणाच्या बादल्या रिकाम्या पडलेल्या असतात, मागितल्या तर मिळतात. खाण्याच्या वस्तूची असल्यामुळे माशांना धोका नाही. रंगाची बादली मात्र घेऊ नका, कितीही घासली तरी. बादलीच्या बाजूंना आठ मिलिमीटरच्या बिटने भोकं पाडायची, दीड-दोनशे तरी. तळापासून दोन इंच जागा कोरी सोडायची, म्हणजे आत आलेला जड गाळ तिथे साठतो. भोकांच्या कडांना राहिलेले प्लास्टिकचे काटे चाकूने तासून घ्या, नाहीतर तेच तुकडे रोटरमध्ये जातात. तळाशी एक वीट ठेवायची, तिच्यावर पंप. झाकणाला पाइपापुरतं भोक. वायरसाठी झाकणाच्या कडेला खाच केली की फट राहते, ती फोमच्या तुकड्याने घट्ट बुजवायची. इथे आळस नको. जरा फट मिळाली की पाणी फोम सोडून तिथूनच आत येतं आणि पानंही घेऊन येतं.

बाहेरून दोन इंच जाडीचा फोम गुंडाळून नायलॉनच्या दोरीने बांधायचा. फोम कुठला घेता यावर सगळं अवलंबून आहे. दुकानदार हमखास म्हणतो, ‘ताई, गादीचाच घ्या, स्वस्त पडेल.’ तो घेऊ नका. गादीच्या फोममध्ये छिद्रांवर पातळ पडदे असतात, पाणी सरळ आरपार जात नाही. आपल्याला हवा रेटिक्युलेटेड फोम, ज्यात हे पडदे काढून नुसता सांगाडा ठेवलेला असतो. ओळखायची रीत सोपी आहे: तुकडा तोंडाला लावून फुंकर मारायची. गादीचा फोम श्वास अडवतो, हा अडवतच नाही, पलीकडे धरलेल्या हाताला वारा लागतो. फोम किती ढोबळ किंवा बारीक ते पीपीआयमध्ये सांगतात, म्हणजे एका इंचात किती छिद्रं. आकडा लहान तितका फोम ढोबळ. मी 20 पीपीआय वापरते. 30 चा घेतला तर लवकर तुंबतो आणि हौदात त्याचा वेगळा फायदा दिसत नाही. पाइप-फिटिंग, जाळी, दोरी असलं सगळं मी पुण्यातल्या बोहरी आळीच्या बाजारातून आणते, एका फेरीत होतं. फोम मात्र मत्स्यालयाच्या वस्तू विकणाऱ्यांकडे मिळतो.

आता बाहेरून दीड हजार चौरस सेंटीमीटरहून जास्त जागा मिळते, म्हणजे मुठीएवढ्या स्पंजाच्या आठ-नऊ पट. पाणी इतकं सावकाश आत जातं की बोट लावलं तरी ओढ जाणवत नाही. गप्पींची पिल्लं फोमवर बसलेलं शेवाळ टिपत बिनधास्त फिरतात. फक्त या एका गोष्टीसाठीसुद्धा मी बादली केली असती.

धुण्याची वेळ कारंजंच सांगतं. उंची वीतभर उतरली की धुवायचं. बादली नुसती वर उचललीत तर फोममधली घाण परत हौदात सांडते आणि पाणी गढूळ होतं. हा या रचनेचा खरा तोटा आहे. त्यावर उपाय म्हणजे घमेलं पाण्याखाली सरकवायचं, बादली त्यात ठेवायची आणि दोन्ही एकदम उचलायचं. फोम हौदातल्याच पाण्यात पिळून धुवायचा, नळाखाली नाही. फोममध्ये माशांनी सोडलेला अमोनिया पचवणारे जिवाणू वस्तीला असतात, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. ते तपकिरी पाणी जास्वंदीला घालते, तिला मानवतं.

हिरवं पाणी मात्र याने स्वच्छ होत नाही. पाणी हिरवं करणारं शेवाळ इतकं सूक्ष्म असतं की 20 पीपीआयमधून सहज जातं. त्यासाठी सावली हवी, कुमुदिनीच्या पानांनी निम्मा हौद झाकलेला हवा. बोअरच्या जड पाण्यामुळे रोटरवर क्षार बसतात, तेही थांबत नाहीत. रोटर काढून व्हिनेगरमध्ये बुडवावाच लागतो. बादली दिसायलाही चांगली नाही, मी ती कुंडीमागे दडवली आहे.

हात पाण्यात घालण्याआधी प्लग काढा, पंप वायरला धरून उचलू नका आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. यात काटकसर नको.

बाल्कनीतल्या टबात दोन-चार मासे असतील तर हा खटाटोप करू नका, तिथे विकतचा स्पंज पुरतो. अंगणातल्या हौदाला, विशेषतः वर गुलमोहोर किंवा चिंच असेल तर, बादलीच. पाचपैकी साडेचार, अर्धा गुण त्या घमेल्याच्या कसरतीसाठी कापला.