चोवीस तासांच्या मावशी की बारा-बारा तासांच्या दोघी?

घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा असले, की शहरातल्या कुटुंबापुढे बहुधा दोन पर्याय येतात: घरीच राहणारी चोवीस तासांची बाई ठेवणे, किंवा दिवसा एक आणि रात्री एक अशा दोघी ठेवणे. बहुतेक घरे पगाराचे आकडे शेजारी मांडून पहिला पर्याय स्वस्त ठरवतात. हा हिशेब मला चुकीचा वाटतो, कारण त्यात रात्र फुकट धरलेली असते.

उदाहरणादाखल समजा, राहणाऱ्या बाईंना महिना १८,००० रुपये आणि बारा तासांच्या प्रत्येकीला १५,००० रुपये ठरले. वरवर पाहता १२,००० रुपये वाचले. मात्र बारा तासांची बाई आठवड्याची सुटी धरून सव्वीस दिवस येते, म्हणजे तिला तासाला सुमारे ४८ रुपये पडतात. राहणाऱ्या बाई सकाळी सहाला उठून रात्री दहाला पाठ टेकतात. दुपारचे दोन तास खरोखर मोकळे मिळाले, तरी चौदा तासांचा दिवस होतो, आणि सुटी नसेल तर महिन्याचे ४२० तास भरतात. दर ४३ रुपयांवर आला. हाक येईल म्हणून सावध झोपण्याचे आठ तास निम्मे धरले, तर तोच दर ३३ रुपयांपर्यंत घसरतो.

यावर ‘राहणे-जेवण आम्हीच देतो ना’ असे उत्तर ठरलेले असते. पण बाई घरात राहतात त्या रुग्णाच्या सोयीसाठी. त्यामुळे राहण्या-जेवणाचे पैसे पगारातून वळते करणे मला न्याय्य वाटत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ सालचा घरकामगारविषयक करार, ज्याच्या बाजूने भारताने मत दिले पण ज्याला अद्याप मान्यता दिलेली नाही, आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती सांगतो आणि त्या वेळात घरातच थांबण्याची सक्ती करता येणार नाही, असेही म्हणतो. ही विश्रांती द्यायची, तर त्या दिवशीच्या बदलीच्या बाईचा खर्च पहिल्या पर्यायात आधीच मिळवला पाहिजे.

बारा तासांची बाई संध्याकाळी बाहेर पडते, इतर बायकांना भेटते, दर कळतात. पुण्यात १९८० साली घरकामगार बायकांनी संप केला, तो अशा घरोघरी ये-जा करणाऱ्यांचा होता. राहणारी बाई मात्र एकटी पडते. म्हणून तिच्याबाबतीत झोपायला स्वयंपाकघरातली फरशी आहे की दार लावता येईल अशी जागा, मोबाइल तिच्याजवळच राहतो का, ताटात घरच्यांचेच जेवण असते का, हे पगाराइतकेच आधी ठरवावे लागते. ओळख पटवण्यासाठी आधार कार्डाची प्रत पुरेशी असते. मूळ कार्ड ठेवून घेऊ नये. बाई कामाला माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत येत असेल, तर कमिशन कोण देते हे विचारावे आणि पगार थेट तिच्याच खात्यात भरावा.

कायद्याचा आधार तुटपुंजा आहे. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ अन्वये नोंदणी होते, परंतु तो कायदा पगार ठरवून देत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने मात्र घर हे कामाचे ठिकाण मानले असून घरकामगार स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. बाई वयात बसत असतील तर जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा या दोन्ही सरकारी योजनांचे मिळून वर्षाचे ४५६ रुपये मालकाने भरावेत. एवढ्या रकमेत घासाघीस करणे शोभत नाही.

रुग्णाला रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागत असेल, तर दोघीच ठेवाव्यात. एका माणसाकडून ते नीट होणार नाही आणि हाल रुग्णाचेही होतील. रात्र शांत जात असेल, तर राहणाऱ्या बाई योग्य, परंतु साप्ताहिक सुटी, गावी जाण्याची पगारी रजा आणि दिवाळीचा बोनस कागदावर लिहून. त्याच कागदावर सहसा विसरले जाणारे एक कलमही हवे: रुग्ण दगावला, तर राहणाऱ्या बाईंचे काम आणि छप्पर एकाच दिवशी जाते, तेव्हा एक महिन्याचा पगार आणि दुसरे काम मिळेपर्यंत निदान पंधरा दिवस राहण्याची मुभा.