काच अडली: स्विच बदलू, मोटर बदलू की अख्खी मशीन?

गाडीची काच अर्ध्यावर अडली की पहिला संशय बटणावर जातो, कारण बोट तिथेच असतं. माझाही गेला होता. मागच्या डाव्या दाराची काच कधी चालायची, कधी रुसायची. नवा स्विच आणून बसवला, दोन दिवस ती शहाण्यासारखी वागली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ठप्प. जुना स्विच ठणठणीत होता, हे नंतर कळलं. तेव्हापासून काहीही विकत घेण्याआधी चार संशयितांना समोरासमोर उभं करतो: स्विच, मोटर, मशीन आणि वायर. मशीन म्हणजे काच वर-खाली सरकवणारा रेग्युलेटर. गॅरेजमध्ये त्याला मशीनच म्हणतात.

सगळ्यांत आधी दोन फुकटच्या गोष्टी बघा. ड्रायव्हरच्या दारावरचं काच लॉक करायचं बटण चुकून दाबलं गेलेलं नाही ना? आणि फ्यूज शाबूत आहे ना? चारही काचा एकदम बंद पडल्या असतील तर चार मोटरी एकाच दिवशी मेल्या असं होत नाही. तिथे फ्यूज, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) किंवा ड्रायव्हरच्या दारावरचा मुख्य स्विच यांच्याकडेच बघायचं.

स्विच की मोटर? छतावरच्या दिव्याला विचारा

अंधारात गाडी उभी करा, इंजिन बंद, चावी ऑन, छतावरचा दिवा लावलेला. आता अडलेल्या काचेचं बटण दाबा आणि नजर दिव्यावर ठेवा. दिवा किंचित मंदावला तर करंट मोटरपर्यंत पोहोचतोय, म्हणजे स्विच, फ्यूज आणि वायर बहुतेक निर्दोष. अडलंय ते पुढे: मोटर जाम आहे, मशीन अडकली आहे किंवा काच रबरात घट्ट बसली आहे. दिवा हललासुद्धा नाही तर करंट वाटेतच अडतोय. छतावर एलईडी असेल तर मात्र हा प्रयोग फारसा बोलका नसतो.

यात एक फसवी जागा आहे. मोटरच्या आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, पार झिजले असतील तरीही दिवा हलत नाही, आणि दोष स्विचचा वाटतो. अशा वेळी एका हाताने बटण दाबून धरा आणि दुसऱ्या मुठीने दाराच्या आतल्या पॅडवर, मोटर असते त्या भागात, दोन ठोसे मारा. काच दचकून चालू लागली तर मोटरचे दिवस भरत आले आहेत. पण ठोशाने दारातला सैल कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, हाही जागेवर बसू शकतो. म्हणून पॅड उघडल्यावर कपलर हाताने घट्ट करून पुन्हा एकदा बघा, मगच मोटरवर ठपका ठेवा.

काच एकाच दिशेने चालत असेल तर? साध्या वायरिंगच्या गाड्यांत, म्हणजे जिथे करंट थेट बटणातून मोटरला जातो तिथे, मोटरच्या दोन्ही वायरी एरवी अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्हला) असतात. बटण दाबलं की एका वायरीला 12 व्होल्ट मिळतात आणि दुसरी अर्थलाच राहते. उलट दिशेसाठी अदलाबदल होते. म्हणजे मोटरला खाली जाता येतं, तर वरही जाता आलं पाहिजे. वरचं बटण दाबल्यावर दिवा मंदावत नसेल तर स्विचचा त्या बाजूचा कॉन्टॅक्ट गेला. दिवा मंदावतोय पण काच चढत नाही, तर वजन पेलत नाहीये: मोटर थकलेली आहे किंवा रबर कोरडं पडलंय.

आणखी एक खोड लक्षात ठेवा, कारण तिच्यामुळे बऱ्याच लोकांनी चुकीचा स्विच विकत घेतला आहे. अशा वायरिंगमध्ये इतर दारांच्या स्विचला मिळणारा अर्थ मुख्य स्विचमधून फिरून येतो. त्यामुळे मागच्या दाराची काच तिच्या स्वतःच्या बटणानेही चालत नसली, तरी गुन्हेगार ड्रायव्हरच्या कोपराखाली बसलेला असू शकतो. मुख्य स्विचवरून चालते पण स्वतःच्या बटणाने नाही, तर दारावरचा छोटा स्विच. उलट असेल तर मुख्य स्विच. दोन्हीकडून नाही, तर अजून कोणालाच सोडू नका.

मोटर की मशीन? इथे कान पुरेत

बटण दाबल्यावर मोटर घूंऽऽ करून फिरतेय पण काच जागची हलत नाही: मशीन. दारातून कटकट, करकर येतेय आणि काच तिरकी होऊन चढतेय: मशीनची केबल उसवतेय. काच धप्पकन दारात पडली: बहुधा तिला धरणारी क्लिप तुटली. या तिन्हींत स्विचला हातसुद्धा लावायची गरज नाही.

चालताचालता काच थांबते आणि काही मिनिटांनी आपोआप पुन्हा चालते, हे तिसरंच प्रकरण. मोटरच्या आत तापल्यावर करंट तोडणारी सोय असते. ती वारंवार करंट तोडत असेल तर मोटर का तापतेय ते शोधा. अनेकदा उत्तर काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबराच्या खोबणीत साचलेल्या धुळीत सापडतं. खोबण पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते.

काच वर जाऊन स्वतःहून खाली येते, तेव्हाही आधी खोबणच बघा. बोट किंवा मान अडकू नये म्हणून एका दाबाने वर जाणाऱ्या काचेला अडथळा जाणवला की उलटं फिरावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या आणि अमेरिकेच्या नियमांत त्यासाठी 100 न्यूटन जोराची मर्यादा आहे. कोरडं रबर अडवत असेल तर बिचाऱ्या यंत्रणेला तो हातच वाटतो. बॅटरी काढून लावल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर काच फक्त आपली वरची हद्द विसरली आहे. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरलं की तिला ती आठवते. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत असते.

टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर?

साध्या वायरिंगच्या गाडीसाठी मी टेस्ट लॅम्पच्या, म्हणजे वायरी जोडलेल्या साध्या बल्बच्या, बाजूने आहे. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मल्टिमीटर खुशाल 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. 21 वॅटचा बल्ब लावला की पावणेदोन अँपिअर ओढले जातात आणि असली वायर लगेच उघडी पडते. मल्टिमीटर वापरायचाच तर कपलर जोडलेला ठेवून, बटण दाबलेल्या स्थितीत मोटरच्या दोन टोकांवर मोजा. कपलर सुटा करून घेतलेलं रीडिंग मनाचं समाधान, बाकी काही नाही.

नव्या गाड्यांत मात्र उलट सल्ला. तिथे बटण फक्त निरोप देतं आणि मोटर चालवतो दारातला किंवा डॅशखालचा कंट्रोल युनिट. निरोपाच्या त्या नाजूक वायरीला बल्ब लावला तर युनिट मरू शकतं. तिथे मल्टिमीटर, आणि त्याहून बरं म्हणजे स्कॅनर: बटण दाबल्याचं युनिटला कळतंय का, ते स्क्रीनवर दिसतं. हे साधन घरी नसेल तर अशी गाडी सरळ इलेक्ट्रिशियनकडे न्यावी.

साफ करायचा की नवा? सुटी मोटर की जोडी?

स्विच उघडल्यावर कॉन्टॅक्ट नुसते काळे पडले असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून चालतात. आत सांडलेलं सरबत वाळून चिकट झालं असेल तरीही. उघडताना वर कापड धरा. आतली चिमुकली स्प्रिंग एकदा उडाली की सीटखालीच सापडते, सापडलीच तर. कॉन्टॅक्टच्या आसपासचं प्लास्टिक वितळलं असेल तर सफाईचा उपयोग नाही, नवाच घ्या. आणि ते का वितळलं हेही बघा, नाहीतर जड झालेली मोटर नव्या स्विचचंही तेच करील.

केबलवाल्या मशीनची मोटर गेली असेल आणि गाडी जुनी असेल, तर मी मोटर आणि मशीन एकत्रच घेतो. केबलनेही तितकीच वर्षं काढलेली असतात आणि दार दोनदा उघडायची हौस कोणाला नसते. कात्रीसारख्या हातांची मशीन दणकट असते, तिथे सुटी मोटर पुरते. पण त्या मशीनला ताणलेली स्प्रिंग असेल तर सांभाळा: मशीनचे हात जखडून न ठेवता मोटर काढली तर ते झटक्यात फिरतात आणि बोटं जातात. काच आधी वर नेऊन दाराच्या चौकटीला रुंद टेपने चिकटवा. पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा परत नीट चिकटवला नाही तर पावसाचं पाणी थेट आत येतं.

दाराचा आणखी एक स्विच असतो, दार उघडं की बंद ते सांगणारा. चावी काढल्यावरही काही वेळ काचा चालण्याची सोय असलेल्या बऱ्याच गाड्यांत पुढचं दार उघडलं की ती सोय संपते. हा स्विच खोटं बोलू लागला तर चावी काढताक्षणी काचा मरतात, आणि माणूस पुन्हा काचेच्या बटणाला शिव्या देतो. डॅशवर दार उघडं असल्याची खूण उगाच दिसत असेल तर आधी हा बघा.

राहिली वायर. दार आणि ते ज्याला जोडलेलं असतं तो गाडीचा खांब यांच्यामध्ये रबराची नळी असते. दार उघडताना प्रत्येक वेळी तिच्यातल्या वायरी वाकतात. माझ्या गाडीत काच चालायची की नाही हे दार किती उघडं आहे त्यावर ठरत होतं, हे लक्षात यायला मला एक स्विच खर्ची पडला. नळी सरकवली तर सगळ्या वायरी बाहेरून धडधाकट. एकेक हळूच ओढून बघितली. एक मात्र च्युइंगगमसारखी लांबली. वरचं प्लास्टिक शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. नवा तुकडा जोडताना दोन्ही जोड वाकणाऱ्या भागाबाहेर घेतले, एक दारात आणि एक खांबात, नाहीतर जोडाशेजारीच पुन्हा तुटतं. मग जुना स्विच परत लावला. नवा अजून ग्लव्हबॉक्समध्ये पडून आहे.