एमए सायकॉलॉजीला एज्युकेशन लोन : पोरगीला शाळेची समुपदेशक करायचंय, त्याचा आमचा अनुभव (कोल्हापूर)

रिव्ह्यू लांब होणार, आधीच सांगतो. आम्ही लोन शोधत होतो तेव्हा इंजिनिअरिंग, एमबीबीएस, परदेशातलं एमएस यावर ढिगानं माहिती मिळाली, पण सायकॉलॉजीला लोन घेतलेला एक माणूस सापडला नाही, म्हणून जे झालं ते सगळं लिहून ठेवतोय.

आधी मी कोण ते. करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलला शिक्षक, टप्पा अनुदानावरची शाळा (सरकार पगाराचा अजून काहीच भाग देतं), म्हणजे पगार किती ते शाळेतल्या लोकांना सांगायला नको. घरचं मिळून वर्षाचं उत्पन्न ८ लाखाच्या बरंच खाली. पोरगी बीए सायकॉलॉजी झाली आणि तिनं ठरवलं की शाळेतच काम करायचं, दवाखाना नाही, कॉर्पोरेट नाही, शाळा. हे तिच्या डोक्यात कुठनं आलं तर माझ्याच वर्गातनं आलं असं ती म्हणते.

२०१९ चा महापूर झाला त्यानंतर दोन वर्षांनी परत २०२१ चा. आमच्या वर्गात नववीत एक पोरगा होता, घर दोन्ही वेळेला पाण्यात गेलेलं. हा पोरगा जून लागला की वहीच्या प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आकडा लिहायचा, ३१.४, ३३.२, ३६.९ असे. मला आधी वाटलं क्रिकेटचं कायतर असेल. मग एक दिवस ३९ च्या खाली रेघ मारलेली दिसली आणि माझ्या अंगावर काटा आला, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी होती ती, फुटात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आमच्याकडं शेंबड्या पोराला पण पाठ असतं हे. पाऊस जोरात आला की तो दप्तर बाकाखालनं उचलून बाकावर ठेवायचा आणि मांडी घालून बसायचा. पाय खाली सोडायचा नाही. मी काय केलं? "पाय खाली सोड, नीट बस" म्हणलं. दोनदा म्हणलं. मी भूगोल शिकवतो, मला यातलं काय कळत नव्हतं आणि शाळेत ज्याला कळतं असं कुणी नव्हतं. संचमान्यतेचा कागद बघा, म्हणजे शाळेला मंजूर पदांची यादी, मुख्याध्यापक, शिक्षक, कारकून, शिपाई, समुपदेशक असा रकानाच नाही. घरी जेवताना हे सांगितलं तेव्हा पोरगी अकरावीला होती, ती जेवायची थांबली आणि म्हणाली "पप्पा, मग त्याच्याशी बोलणार कोण?" तिथनं हे सगळं.

आता पैशाचं. आधी विचार होता डिस्टन्सनं एमए करायचं, इथंच राहून कुठंतरी नोकरी करत, खर्च कमी. पण यूजीसीनं २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या प्रवेशापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइन दोन्हीकडनं बंद केलं, २०२१ च्या आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात हा विषय येतो म्हणून. माझं प्रामाणिक मत, निर्णय बरोबर आहे. समोर रडणाऱ्या पोराशी कसं बोलायचं हे पोस्टानं आलेल्या पुस्तकातनं शिकता येत नाही, कुणीतरी अनुभवी माणूस शेजारी बसून "हे असं विचारू नको, असं विचार" सांगणारा पाहिजे. पण याचा दुसरा अर्थ असा की आता रेग्युलरच करायचं, म्हणजे हॉस्टेल, मेस, गाडीभाडं, आणि दोन वर्षं कमाई शून्य. खेड्यातल्या, कमी पगाराच्या घरातल्या पोरांचा जो एक रस्ता होता तो बंद झाला आणि त्याच्या बदल्यात पैशाची सोय काय केली तर काही नाही. हे मला लई टोचतं.

इथल्या मेरिट लिस्टला थोडक्यात राहिली, पुण्यात एका खाजगी कॉलेजला काउन्सेलिंग सायकॉलॉजीला नंबर लागला. दोन वर्षांची फी ३ लाख २० हजार, राहणं-खाणं धरून २ लाख ४०, लॅपटॉप पुस्तकं वगैरे ६० हजार, एकूण ६ लाख २०.

पहिली शाखा. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या साहेबांनी कोर्सचं नाव वाचलं आणि पहिला प्रश्न "याला प्लेसमेंट काय?" आम्ही सांगायला लागलो तर म्हणाले बीएड केलं असतं तर बरं झालं असतं. मग घराचं प्रॉपर्टी कार्ड आणा म्हणाले, नाहीतर एलआयसी गहाण ठेवा. आणलं. मग सरकारी नोकरीवाला जामीनदार आणा. माझ्या मेव्हण्याला विचारलं, तो तयार झाला बिचारा. मग पगाराची स्लिप बघून "टप्प्यावर आहात होय" म्हणाले आणि फाईल जी आत गेली ती सात आठवडे आतच. मी शाळा सुटल्यावर एसटीनं जायचो, पोचेपर्यंत साहेब मीटिंगला. शेवटी तोंडी सांगितलं होणार नाही. लेखी मागितलं तर दिलं नाही. तोवर फीचा पहिला हप्ता भरायची तारीख आलेली, हिच्या आईनं पाटल्या ठेवल्या, त्यावर भरला.

हे मुद्दाम सांगतोय कारण नियम वेगळा आहे आणि मला तो उशिरा कळला. देशातल्या शिक्षणासाठी ४ लाखापर्यंत तारण लागत नाही, मार्जिन, म्हणजे खर्चातला आपण स्वतः भरायचा भाग, तो पण लागत नाही. ४ लाखाच्या वर ५ टक्के मार्जिन आपलं. आणि साडेसात लाखापर्यंतच्या लोनला केंद्राची क्रेडिट गॅरंटी (कर्ज बुडलं तर बँकेला हमी) आहे, त्यात घर गहाण, बाहेरचा जामीनदार काही मागायचं नसतं, आई किंवा बाप सहकर्जदार झाला की झालं. नाकारायचं असेल तर कारण लेखी द्यावं लागतं. हे चार मुद्दे कागदावर लिहून खिशात घालून जावा, आमच्यासारखं हात हलवत जाऊ नका.

दुसरी शाखा राजारामपुरीतली, दुसरी सरकारी बँक. इथं मॅडम होत्या, त्यांनी पोरगीला समोर बसवलं आणि मला म्हणाल्या सर तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा. काचेतनं बघत होतो. पोरगीनं फाईलमधनं पेपरचं कात्रण काढून पुढं ठेवलं. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आत्महत्येच्या एका केसमध्ये निकाल दिला त्याचं. त्यात पंधरा मार्गदर्शक सूचना आहेत आणि एक अशी की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेनं किमान एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमायचा. पोरगी म्हणाली मॅडम, नोकरी कुठं मिळणार विचारताय ना, आमच्या एकट्या तालुक्यात १०० च्या वर पट असलेल्या शाळा मोजा. मॅडमनी कात्रणाचा झेरॉक्स काढून आमच्या फाईलला लावला. तो झेरॉक्स फाईलला लागला ना, तिथंच मला वाटलं हे काम होणार.

१६ दिवसांत मंजूर. ५ लाख ८९ हजार. तारण नाही, मेव्हण्याची सही पण लागली नाही. पोरगी म्हणून व्याजात अर्धा टक्का सूट. फी थेट कॉलेजच्या खात्यावर जाते. शिक्षण चालू असताना साधं व्याज लागतं आणि हप्ता कोर्स संपल्यावर एक वर्षानं चालू. दर महिन्याला व्याज भरत गेलात तर आणखी एक टक्का सवलत, म्हणून मी भरतोय, सध्या सोळाशेच्या आसपास जातात, पुढचे हप्ते उचलले की वाढेल. नोकरी लागल्यावर तिला इन्कम टॅक्समध्ये व्याजाची वजावट मिळेल, जुन्या पद्धतीनं टॅक्स भरला तर. पीएम विद्यालक्ष्मी म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेली योजना आहे, ८ लाखापर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखापर्यंतच्या लोनवर हप्ते चालू होईपर्यंत ३ टक्के व्याज सरकार भरतं, पण कॉलेज त्यांच्या यादीत पाहिजे, सुरुवातीला ८६० संस्था होत्या, आमचं नव्हतं. ॲडमिशन घ्यायच्या आधी ती यादी बघा. आम्ही नंतर बघितली, ही चूक आमची.

तर बँकेची सेवा म्हणून दुसऱ्या शाखेला माझ्याकडनं ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो एका गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट बँकेची नाहीच खरं तर.

या कोर्समधलं खरं शिक्षण वर्गात होत नाही. आठवड्यातनं दोन दिवस तिला एका शाळेत पाठवतात, तिथं ती पोरांशी बोलते आणि मग त्या प्रत्येक केसवर सुपरवायझर मॅडमसोबत बसून चर्चा. फोनवर सांगत होती, एक सहावीतली मुलगी तीन आठवडे काहीच बोलली नाही, नुसती पेन्सिलीला टोक काढत बसायची, चौथ्या आठवड्यात तिनं टोक काढलेली पेन्सिल हिच्याकडं सरकवली. एवढंच. सुपरवायझर मॅडमनी त्यावर पाऊण तास घेतला म्हणे, की आता पुढं काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही. मला हे ऐकून आमचा तो मांडी घालून बसणारा पोरगा आठवला. या कामाचा एक रुपया मिळत नाही, उलट जाण्यायेण्याचं भाडं, टेस्टचं साहित्य सगळं पदरचं, आणि आमच्या लोनच्या कोष्टकात फी, हॉस्टेल, पुस्तकं, लॅपटॉप बसलं, हे बसलं नाही. बँकेतल्या मॅडमनी प्रयत्न केला, कॉलेजच्या पत्रात हे खर्च आले असते तर चाललं असतं म्हणाल्या. तुम्ही जाणार असाल तर कॉलेजकडनं खर्चाचं पत्र घेताना फिल्डवर्कचा प्रवास आणि साहित्य वेगळं लिहून घ्या, नंतर बदलून मिळत नाही.

आणि पुढचा हिशोब. १५ वर्षांत फेडायचं म्हणलं तरी महिना सहा हजाराच्या आसपास हप्ता बसतो. मी इथल्या दोन-तीन खाजगी शाळांत सहज चौकशी केली, एका ठिकाणी समुपदेशकाला १५ हजार सांगितले, एका ठिकाणी आठवड्यातनं दोन दिवस या म्हणाले. १५ तले ६ गेले तर पोरगी राहणार कशी? मग ती पण कुठल्यातरी कंपनीच्या ॲपवर ऑनलाइन सेशन घ्यायला जाणार, आणि शाळेतला रकाना रिकामाच. कोर्टानं सांगितलं नेमा, पण माणूस तयार करायचा खर्च कुणाचा हे कुणी बोलत नाही. तो सध्या हिच्या आईच्या पाटल्यांचा आहे.

पोरगीच्या सरांनी वर्गात अमेरिकेचं उदाहरण सांगितलं होतं. तिथं २०२२ मध्ये शाळेतल्या गोळीबारानंतर कायदा झाला आणि शाळांतल्या मानसिक आरोग्याच्या माणसांसाठी १०० कोटी डॉलर ठेवले, त्यातली एक योजना फक्त याच्यासाठी, विद्यापीठ आणि शाळा मिळून पदव्युत्तर पोरं तयार करायची, पैसे सरकारचे. तिथल्या स्कूल सायकॉलॉजिस्टांच्या संघटनेचं म्हणणं ५०० पोरांमागं एक सायकॉलॉजिस्ट पाहिजे. मग एप्रिल २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर चालू असलेली अनुदानं मध्येच थांबवायचं ठरवलं, कोर्टकज्जे झाले. म्हणजे सरकारनं दिलं तरी टिकेल याची खात्री नाही, हे पण खरं. पण लोन आणि अनुदान यातला फरक तिथं कुणाला तरी कळला होता.

आपल्याकडं कळायला काय अवघड आहे? दसरा चौकात उभं राहून चारी बाजूला बघा. शाहू महाराजांनी १९०१ पासनं एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, जागा दिल्या, पैसा दिला, जैन, मुस्लिम, लिंगायत, मराठा, सगळ्यांची. खेड्यातनं आलेल्या पोराला राहायला आणि जेवायला मिळालं की बाकीचं तो शिकतो हे सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाला माहीत होतं. कर्ज काढून शीक असं महाराज म्हणाले नाहीत. एवढे दूध संघ, साखर कारखाने, सहकारी बँका या जिल्ह्यात, सगळ्यांचे वर्धापन दिन दणक्यात होतात. एका वर्षी दोन पोरींचा नुसता मेस आणि फिल्डवर्कचा खर्च उचलावा, अट एवढीच घालावी की तीन वर्षं जिल्ह्यातल्या शाळांत काम करायचं. मी आमच्या गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनना हे बोललोय, ते म्हणाले लेखी द्या सर, मीटिंगला ठेवतो. अर्ज दिलाय. उत्तर आलं की इथंच लिहीन.

तोवर ज्यांच्या घरात, वर्गात आता गरज आहे त्यांनी टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून ठेवा, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीपण लागतो. आमच्या शाळेत मी तो नंबर पूररेषेच्या नकाशाशेजारी खडूनं लिहिलाय, पुसला की परत लिहितो.

लोनच्या कागदांची यादी आणि कॉलेजच्या खर्चाच्या पत्राचा नमुना माझ्याकडं आहे, सायकॉलॉजीला जाणाऱ्या कुणाच्याही पोराला लागला तर झेरॉक्स देतो. रविवारी सकाळी घरी असतो.