लांब राइडआधीची ‘फुल सर्व्हिस’: पैसे कशाचे द्यावेत, कशाचे नाहीत

बेळगावात गिअरची सायकल ‘फुल सर्व्हिस’ला टाकली की ती चकचकीत होऊन परत येते. चेन तेलानं निथळत असते, टायर दगडासारखे टणक, ब्रेक बोटभर दाबला की लागतो. शनिवारी संध्याकाळी ही सायकल घरी आणायची आणि रविवारी पहाटे संकेश्वर गाठून परत यायचं, म्हणजे शंभराच्या आसपास किलोमीटर, हा बहुतेकांच्या पहिल्या मोठ्या राइडचा बेत असतो. इथली सर्व्हिस त्या बेताला पुरते का? अर्धी पुरते. उरलेली अर्धी कामं मागून घ्यावी लागतात, आणि ती न मागता कोणी करत नाही.

पहिली गोष्ट तारखेची. सर्व्हिस राइडच्या दोन आठवडे आधी करावी. नवी गिअर केबल पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये आपल्या आउटरमध्ये (बाहेरच्या नळीत) बसते आणि सैल होते. मग गिअर एक पायरी मागं राहतो, चेन मागच्या दोन दातेरी चाक्यांच्या मध्ये खरखरते. नव्यानं ताणलेले स्पोकही तसेच बसतात. आदल्या दिवशी केलेली सर्व्हिस म्हणजे हे सगळं हायवेवर घडणार.

दुकानं ढोबळमानानं दोन प्रकारची. एक शोरूमला जोडलेलं, जिथं सायकल स्टँडला टांगून काम होतं. दुसरं गल्लीतल्या जुन्या मिस्त्रीचं, जिथं सायकल उलटी करून सीटवर उभी राहते. गिअर आणि डिस्क ब्रेकसाठी पहिलं बरं. चाकाचा आउट (वाकडेपणा) काढणं आणि छर्रे-ग्रीस यांत मात्र मिस्त्रीचा हात बहुधा सरस असतो, कारण त्यानं ते हजार वेळा केलेलं असतं. दोन ठिकाणी काम विभागून द्यायला लाजू नये. मिस्त्रीला ‘मामा, दोन्ही हब उघडून बघा’ एवढंच सांगावं (हब म्हणजे चाकाचा मधला, छर्रे असलेला भाग). ‘सगळं बघा’ म्हटलं की काहीच बघितलं जात नाही.

हबचं काम पैसे देण्यासारखं आहे, ते यासाठी. धुताना चेनवर रॉकेल किंवा डिझेल मारतात आणि मग पाण्याचा जोराचा फवारा. रॉकेल हबच्या सीलमधून आत जातं, ग्रीस पातळ करतं आणि बाहेर आणतं. वरून सायकल स्वच्छ, आत छर्रे कोरडे. खानापूर-जांबोटीकडं फिरणाऱ्या सायकलींत त्यात लाल मातीची भर पडते, तिचा ग्रीसमध्ये लेप होतो आणि कोनवर (ॲक्सलवरच्या, छर्रे ज्यावर फिरतात त्या भागावर) बारीक खड्डे पडतात. साध्या कप-कोन हबमध्ये बहुधा पुढच्या चाकाला प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे १० छर्रे असतात, मागच्याला १/४ इंचाचे ९. छर्रे स्वस्त असतात, जुने पुसून परत घालण्यापेक्षा नवे घालून घ्या. कोन कसताना क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक आवळायचा खटका) असलेल्या चाकाला हातात किंचित हालचाल राहिली पाहिजे. क्विक रिलीज आवळल्यावर ॲक्सल दाबला जातो आणि ती हालचाल जाते. हातातच घट्ट बसवलेलं चाक फ्रेममध्ये जड फिरतं, आणि सत्तराव्या किलोमीटरला पायांना वाटतं की आपणच दमलो.

चेनचं काम घरीच होतं. बारा इंची स्टीलची पट्टी घ्या. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बारा इंचांवर बरोबर पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढं गेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच पुढं गेला असेल तर चेनबरोबर मागची कॅसेटही (दातेरी चाक्यांचा संच) खाल्ली गेली आहे. अशा वेळी नुसती नवी चेन घातली तर ती चढावर जोर दिला की दातांवरून उडी मारते. दुकानात ‘चेन चालेल अजून’ असं नजरेनं सांगतात; पट्टी लावून दाखवा म्हणावं. तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवून आत जाऊ द्या, आणि मग बाहेरचं सगळं फडक्यानं पुसा. निथळणाऱ्या चेनवर धूळ चिकटून तिची पॉलिश पेपर होते. ग्रीस नको, मोटारसायकलचं इंजिन ऑइल नको, आणि गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे वंगण नव्हे.

आता टायर. सर्वांत जास्त घोळ इथं होतो.

दुकानात कंप्रेसरनं टायरच्या कडेला लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरतात. तो आकडा मर्यादा आहे, सल्ला नाही. सत्तर किलोच्या माणसाला ७०० × ३५ च्या (३५ मिलिमीटर रुंद) टायरमध्ये ५० ते ६५ पीएसआय पुरतात, मागं थोडे जास्त, पुढं थोडे कमी. मागं सामान असेल तर पाच वाढवा. जास्त हवेनं सायकल पळते असं वाटतं, पण उखडलेल्या डांबरावर ती उडत असते आणि तळहात बधिर होतात. उलट हवा फार कमी असेल तर खड्ड्याच्या कडेला ट्यूब रिमवर चेपते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

पंक्चर कुठं आहे त्यावरून कारण कळतं, आणि सर्व्हिसमध्ये हे कधीच सांगत नाहीत. बाहेरच्या अंगाला एकच भोक: बाभळीचा काटा, सराटा, किंवा हायवेवर फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली केसासारखी तार. ही तार टायरमध्येच राहते, ट्यूब बदलली तरी दहा मिनिटांत परत हवा जाते. म्हणून टायरच्या आतून कापूस किंवा फडकं फिरवा, अडकेल तिथं तार आहे. आतल्या, म्हणजे रिमच्या अंगाला भोक: रिम टेप सरकली आहे आणि ट्यूब स्पोकच्या भोकात घुसली आहे. पॅच कितीही मारा, उपयोग नाही. रिमला घट्ट बसणारी चांगली कापडी टेप लावायला सांगा. वॉल्व्हच्या मुळाशी चीर: कमी हवेत टायर सरकून वॉल्व्ह तिरका झाला. ही ट्यूब टाकून द्यायची.

ट्यूबच्या मापाचं इथलं एक खास गणित आहे. शहराबाहेर गावातल्या सायकल दुकानात जुन्या काळ्या सायकलची २८ × १½ ची ट्यूब हमखास मिळते, ७०० ची क्वचित. त्या सायकलच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर, तुमच्या ७०० च्या रिमचं ६२२. त्यामुळं एकीचा टायर दुसरीच्या रिमला बसत नाही, पण ३५ ते ४० रुंदीच्या टायरमध्ये ती ट्यूब वेळ निभावून नेते. अट एकच, रिमचं वॉल्व्हचं भोक मोठं हवं. बारीक प्रेस्टा वॉल्व्हच्या रिममधून तो जुना जाड वॉल्व्ह जातच नाही. तेव्हा प्रेस्टा असेल तर स्वतःच्या दोन ट्यूब बाळगाव्यात, आणि पितळी ॲडॅप्टरही, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येईल. (बैलहोंगलच्या पुढं ‘हवा’ म्हटलं तरी समजतं, पण कन्नडमध्ये ‘गाळी हाक्री’ (हवा घाला) म्हटलं की काम लवकर होतं.)

पॅच मारताना सोल्युशन लावून लगेच चिकटवतात, ही दुकानातली घाई. पाच मिनिटं वाळू द्या, बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच दाबा. ओल्या सोल्युशनवरचा पॅच उन्हात सरकतो.

ब्रेकचं काम दुकानात बरं होतं. शू (ब्रेकचं रबर) रिमलाच लागतो ना, टायरला घासत नाही ना, एवढं स्वतः वाकून बघा. टायरला लागणारा शू एका घाटात टायरची कड कापतो. डिस्क असेल तर चेनवर स्प्रे मारताना चाक काढून ठेवायला सांगा. रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) तेलाचे शिंतोडे गेले की ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही. कणकुंबीवरून चोर्ल्याच्या उताराला लागायचं असेल तर हे विसरू नका.

गिअर स्टँडवर छान पडतात आणि चढावर पडत नाहीत, ही तक्रार सर्रास ऐकू येते. बहुतेक वेळा डिरेलर (चेन एका चाकीवरून दुसरीवर नेणारा भाग) ज्या पत्र्यावर लटकतो तो हँगर वाकलेला असतो. टेम्पोत उजव्या अंगावर आडवी टाकलेली सायकल हे त्याचं नेहमीचं कारण. मिस्त्री केबल ताणून ते झाकतो. मागून बघा, डिरेलरच्या दोन छोट्या चाक्या कॅसेटच्या सरळ रेषेत हव्यात. हँगर आत झुकलेला असेल तर सर्वांत हलक्या गिअरला डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो. म्हणून सर्व्हिसनंतरची चाचणी सपाट कॉलेज रोडवर घेऊ नये. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ घ्या, बसूनच, सर्वांत हलक्या गिअरवर. तिथं सायकल गप्प राहिली तर काम झालं. त्यानंतर खानापूरला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, आणि मग केबलची एक मोफत जुळणी. ही जुळणी पैसे देण्याआधीच ठरवून घ्या, लेबर आणि पार्ट वेगवेगळे लिहून घ्या, आणि बदललेले जुने पार्ट परत मागा.

सीटची उंची कोणी विचारत नाही, आणि शंभर किलोमीटरला गुडघ्याची वाट तिथंच लागते. भिंतीला टेकून अनवाणी उभं राहा, दोन पायांच्या मध्ये वहीची कड घट्ट वर धरा, जमिनीपासूनचं अंतर मोजा. त्याला ०.८८३ नं गुणा. मोजलेलं अंतर ८० सेंटिमीटर आलं तर दोन्ही क्रँक (पायडलचे दांडे) ज्या मधल्या ॲक्सलवर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंटिमीटर. ही सुरुवात समजा. गुडघा पुढून दुखला तर पाच मिलिमीटर वर, मागून दुखला किंवा कंबर डुलायला लागली तर तेवढीच खाली. सीटच्या दांड्यावरची कमाल रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

पायडल बदललं असेल तर एक बघा: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पाना चुकीच्या दिशेनं लावून जोर दिला की क्रँकचे आटे जातात, आणि मग पूर्ण क्रँकच बदलावी लागते.

पिशवीत दोन ट्यूब, दोन लिव्हर, पॅच, पंप, ४-५-६ च्या एलन की, तुमच्याच स्पीडची चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), जुन्या टायरचा तीन बोटं रुंद तुकडा. टायर कडेनं फाटला तर तो आतून लावायचा. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा, उन्हाळ्यात मीठ-साखर घालून. मागचा लाल दिवा दिवसाही लावा, आणि उसाच्या हंगामात संकेश्वर-निपाणीच्या पट्ट्यात तर पहाटे निघूच नका; ट्रॉलीला मागं दिवा नसतो आणि रस्त्यावर पडलेलं उसाचं कांडं अंधारात दिसत नाही.