मृत्यूदर बघायचा की वेळेत उपचार?

हॉस्पिटलांची जाहीर तुलना करायची तर आकडा कुठला धरायचा, असं एकाने विचारलंय. हार्ट अटॅकचंच घेऊ, अमेरिकेत दोन्ही आकडे लोकांसमोर मांडून झालेत.

भरवसा किती? 30 दिवसांतला मृत्यूदर म्हणजे पेशंटला शेवटी जे कळायला हवं तेच, पण मोठ्या हॉस्पिटलात जास्त गंभीर पेशंट येतात, त्यामुळे वय, डायबेटिस, किडनी सगळं हिशोबात धरावंच लागतं, कच्चा आकडा छापणं सरळ अन्याय आहे. छोट्या ठिकाणी तर दोन मृत्यू इकडेतिकडे झाले की नंबर पार बदलतो, म्हणून अमेरिकेचं सरकार तीन वर्षांचा डेटा एकत्र करतं. दारात आल्यापासून 90 मिनिटांत अँजिओप्लास्टी झाली का, हे मोजायला सोपं, आणि चुकलं कुठे तेही लगेच सापडतं. पण 2005 ते 2009 मध्ये शेकडो हॉस्पिटलांत ही वेळ 83 वरून 67 मिनिटांवर आली तरी मृत्यूदर जवळपास तेवढाच राहिला!

दबावाचं काय? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये मृत्यूदर जाहीर होतो म्हणून डॉक्टर अतिगंभीर पेशंट टाळतात अशी भीती होती, म्हणून 2006 पासून शॉकमधले (हृदय नीट पंप करत नाही, बीपी खूप खाली जातं असे) काही पेशंट जाहीर आकड्यातून वगळायला लागले.

नातेवाइकांना मोठ्या हॉस्पिटलांत निवड करायचीय तर अ‍ॅडजस्ट केलेला (वय, आजार हिशोबात धरलेला) मृत्यूदरच बघा. छोटी हॉस्पिटलं, किंवा स्टाफला काम सुधारायचंय, तर वेळेचा आकडा.