बीएस्सी नर्सिंग (नाशिक विद्यापीठ) : चार वर्षं काढून झाली, आता ॲडमिशन घेणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

माझ्या आत्याच्या मुलीला यंदा नर्सिंगला जायचंय आणि गेले पंधरा दिवस ती रोज फोन करून विचारतेय की ताई कोर्स कसा आहे, कॉलेज कसं बघू. तिला तुकड्यातुकड्यात सांगत बसले, शेवटी म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू म्हणजे अजून चार जणींना पण उपयोग होईल.

मी २०१९ च्या बॅचची, म्हणजे जुना वार्षिक पॅटर्न. आता इंडियन नर्सिंग कौन्सिलने सेमिस्टर आणि क्रेडिट सिस्टीम आणलीय, आठ सेमिस्टर असतात, त्यामुळे माझे काही तपशील तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत पण वॉर्ड तोच आणि पेशंट तेच. बारावीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी इंग्लिश लागतं, ओपनला ४५ टक्के, वय १७ पूर्ण, आणि आता वेगळी सीईटी असते ती राज्याचा सीईटी सेल घेतो. हे सगळं साइटवर मिळेल, मी साइटवर न मिळणारं सांगते.

विद्यापीठ म्हणजे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक. १९९८ पासूनचं, राज्यातली मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंगची बहुतेक कॉलेजं यांच्याच अंडर. अभ्यासक्रम चांगला आहे, हे मी अगदी मनापासून म्हणते. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी फिजिओलॉजी, न्यूट्रिशन, मायक्रोबायोलॉजी, सायकोलॉजी आणि नर्सिंग फाउंडेशन. पेपर ७५ चा, इंटर्नल २५, पास व्हायला ५० टक्के, म्हणजे बारावीसारखे ३५ वर सुटत नाहीत आणि ते बरोबरच आहे, कारण पुढे आपल्या हातात माणूस असतो. माझी दहावीपर्यंत मराठी शाळा, पहिले तीन महिने ॲनाटॉमीचं पुस्तक उघडलं की रडू यायचं. होस्टेलच्या भिंतीवर हाडांची नावं चिकटवून, रोज दात घासताना दहा शब्द असं पाठ केलं. जमतं. मराठी मीडियमच्या मुलींनी या एका कारणासाठी मागे फिरू नका.

उलट वॉर्डात गेल्यावर मराठीच कामाला आली. पुस्तकात पेन (दुखणं) म्हणजे शार्प, डल, रेडिएटिंग असं लिहिलेलं असतं, आणि आजी म्हणते ठणकतंय, दुसरी म्हणते कळ येते, तिसऱ्याला चमक मारते, कुणाला अंगात कसकस, कुणाच्या पायाला मुंग्या. ठणकणं वेगळं आणि चमक वेगळी हे ज्या मुलीला घरापासून माहितीय तिचं असेसमेंट नीट होतं. आमच्या एक मॅडम होत्या त्या केअर प्लॅनमध्ये पेशंटचा शब्द आधी देवनागरीत लिहायला लावायच्या आणि मग बाजूला इंग्रजी टर्म, ही सवय मला आजपण आहे.

स्किल लॅबबद्दल थोडं. बीपी बघणं सगळ्यांना सोपं वाटतं पण स्टेथोमधून पहिला ठोका कधी ऐकू आला आणि आवाज कधी गेला हे पकडायला मला दोन आठवडे लागले, आधी सगळ्यांचं १२०/८० च यायचं, म्हणजे मी ऐकतच नव्हते, अंदाजाने लिहीत होते. एका सिस्टरनी पकडलं आणि वीस पेशंटचं परत घ्यायला लावलं. ड्रिपचं गणित तसंच. ५०० एमएल सलाइन आठ तासात द्यायचं, सेटचे (सलाइनच्या नळीचे) एका एमएलला २० थेंब, तर मिनिटाला साधारण २१ थेंब. कागदावर कुणालाही येतं, पण घड्याळ बघत चाकी फिरवून ते २१ आणायचे आणि पेशंटने हात वाकवला की परत बघायचे, हे शिकायला वॉर्डच लागतो. आमचा लॉकडाउन पहिल्याच वर्षात आला, होस्टेल रिकामं केलं आणि इंजेक्शन टेक्निक मी गावाकडे गच्चीवर बसून मोबाइलवर बघितलं, रेंज गेली की मॅडम सुई हातात धरून तशाच थांबलेल्या. ती कसर भरून काढायला पुढचं अख्खं वर्ष गेलं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. विद्यापीठ एक, सिलॅबस एक, पेपर एक, तरी दोन कॉलेजच्या मुलींमध्ये जमीन अस्मानाचा फरक का, तर हॉस्पिटल. कॉलेजला स्वतःचं १०० बेडचं पेरेंट हॉस्पिटल हवं आणि एका स्टुडंटमागे तीन पेशंट हवेत असा कौन्सिलचा नियम आहे. कागदावर आमच्याकडे सगळं होतं. बिल्डिंग चकाचक, लायब्ररी एसी, ॲडमिशनच्या दिवशी पप्पा खूश. प्रत्यक्षात मेडिकल वॉर्डात बारा पेशंट आणि आम्ही पंधरा मुली. एका आजोबांचं टेंपरेचर तिघींनी घेतलेलं मला आठवतंय, ते म्हणाले पोरींनो मला झोपू द्या. वाईट वाटलं त्यांच्यासाठी, आणि आमच्यासाठी पण.

सगळ्यात वाईट म्हणजे मॅटर्निटी वॉर्ड. आम्हाला मिडवाइफरीच्या (बाळंतपणाच्या विषयाच्या) केसबुकात २० नॉर्मल डिलिव्हरी स्वतः केलेल्या दाखवायच्या होत्या आणि आमच्या हॉस्पिटलात महिन्याला हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या व्हायच्या, त्यातल्या निम्म्या सिझर. तर सांगण्यात आलं की सीनियरच्या फाइलीतून उतरवा, सगळे तसंच करतात. काहींनी उतरवलं, मी त्यांना दोष देणार नाही, फायनल प्रॅक्टिकल तोंडावर होती. पण आम्ही सहा जणींनी प्रिन्सिपल मॅडमकडे जाऊन अर्ज दिला, तीनदा दिला, तेव्हा कुठे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नाइट पोस्टिंग मिळालं.

तिथली पहिली रात्र मी जन्मात विसरणार नाही. लेबर रूममध्ये चार टेबलं, चारही भरलेली. ड्युटीवरच्या सिस्टर पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. मला म्हणाल्या ग्लोव्हज घाल आणि माझ्या हाताखाली हात ठेव. बाळाचं डोकं दिसायला लागलं की माझा हात आपोआप ओढायला जात होता, त्यांनी माझ्या हातावर हात दाबून धरला, म्हणाल्या ओढायचं नाही बाळा, नुसता आधार द्यायचा, त्याला यायचं तेव्हा ते येतं. आणि आलं. पुसून आईच्या पोटावर ठेवलं, मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन (रक्तस्राव रोखायचं इंजेक्शन) १० युनिट आईच्या मांडीत दिलं, पहिल्या मिनिटाचा अपगार (बाळाचा श्वास, ठोके, रंग बघून द्यायचे गुण), पाचव्या मिनिटाचा अपगार, वार (प्लासेंटा) पूर्ण आली का ते ट्रेमध्ये उलटसुलट करून तपासलं. पुस्तकात हे सगळं वाचलेलं होतं पण वार हातात घेऊन एकेक तुकडा जुळवून बघायचा का असतो, आत छोटासा राहिला तर बाईला किती रक्त जातं, हे त्यांनी त्या ट्रेवर दाखवलं. माझ्या २० त्या रुग्णालयात पूर्ण झाल्या, एकही उतरवलेली नाही.

बाकी पोस्टिंग पटकन सांगते. सायकॅट्रीला आम्हाला येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवलं होतं (ठाणे, नागपूर, रत्नागिरीला पण सरकारी मनोरुग्णालय आहे, तुमच्या भागाप्रमाणे मिळतं), जायच्या आधी भीती वाटते आणि निघताना पाय निघत नाही. कम्युनिटीला प्राथमिक आरोग्य केंद्र, घरोघरी सर्व्हे, आशाताईंबरोबर फिरणं. बॅग टेक्निक म्हणजे कुणाच्या घरी गेल्यावर आधी पेपर पसरून त्यावर बॅग ठेवायची, हात धुवायचे, मगच बॅग उघडायची, एका घरात काकूंनी आम्ही पेपर पसरतोय बघून चटकन सतरंजीच आणून टाकली आणि चहा ठेवला, तेव्हा पेपर का ते समजावून सांगता सांगता हात धुण्याचं अख्खं हेल्थ एज्युकेशन तिथेच झालं.

पैशांचं. सरकारी कॉलेज मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, फी कमी आणि पेशंट भरपूर, दोन्ही. प्रायव्हेटला ठरलेल्या फीवर युनिफॉर्म, होस्टेल, बस, फाइलींचे असं वर्षभर काढत राहतात, आमच्याकडून पोस्टिंगच्या बसचे दोनदा घेतले आणि पावती एकदाच. ओरिजिनल कागदपत्रं मागतील तेव्हा पोच घेतल्याशिवाय देऊ नका. आणि सेकंड इयरला स्टाफ कमी म्हणून आम्हाला नाइटला एकटीला वॉर्डात उभं केलेलं, ट्यूटर नाही, रजिस्टर्ड नर्स एक ती पण दुसऱ्या मजल्यावर. हे शिकवणं नाही, हे स्टुडंटला राबवणं आहे आणि पेशंटच्या जिवाशी खेळ आहे. असं झालं तर लेखी कळवा, तोंडी बोललेलं कुणाला आठवत नाही.

रेटिंग द्यायचं तर अभ्यासक्रमाला पाचपैकी चार, माझ्या कॉलेजला दोन, त्या सरकारी लेबर रूमला पाचच्या पाच. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन केलं, आज एका मोठ्या हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये स्टाफ नर्स आहे, आणि परत बारावीत गेले तरी नर्सिंगच घेईन, फक्त कॉलेज वेगळं निवडेन.

तर आत्याच्या मुलीला मी एवढंच सांगितलं की बिल्डिंग, वेबसाइट, प्लेसमेंटचे फोटो काही बघू नको. दुपारी दोनच्या सुमारास जा, तेव्हा शिफ्ट बदलते, हँडओव्हर चालू असतो. वॉर्डात किती बेड भरलेत बघ, मुलींबरोबर ट्यूटर उभ्या आहेत का बघ, थर्ड इयरच्या मुलीला बाजूला घेऊन विचार की केसबुकातल्या किती केस तू स्वतः केल्यास, तिने खाली बघितलं की समज. तीन कॉलेजं बघून आली ती. पहिल्या दोन ठिकाणी मॅटर्निटीचं दार बंद, आतमध्ये शांतता. तिसऱ्याचं प्लास्टर निघालेलं, लिफ्ट बंद, जिना चढून गेली तर वरून बाळांच्या रडण्याचा नुसता कालवा. तिने ऑप्शन फॉर्मला तेच पहिल्या नंबरवर टाकलंय.